नागरी पुनरुत्थानाचे निकष आणि रायगड किनाऱ्यावरील नगरे : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

३ डिसेंबर २००५ रोजी केंद्र शासनाने 'जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान' सुरू केले. या अभियानासाठी देशातील ६३ शहरांची निवड करण्यात आली. पुढे तिरुपती आणि पोरबंदर यांची भर पडून ही संख्या ६५ झाली. महाराष्ट्रातून बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड ही पाच नावे यादीत होती. बृहन्मुंबईच्या नावाखाली ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मिरा-भाईंदर आदी शहरेही अभियानात आली. मुंबईच्या बंदरातून दिसणाऱ्या पलीकडच्या किनाऱ्यावरील उरण, अलिबाग, मुरूड-जंजिरा आणि श्रीवर्धन या नगरांपैकी मात्र एकही या यादीत नव्हते.

निकष ठरले आणि त्या निकषांत ही नगरे बसली नाहीत, एवढे सांगून हा विषय संपविता येतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो. शासन एखाद्या वस्तीला नगर म्हणून ओळखते आणि साहाय्यास पात्र ठरविते ते कशाच्या आधारे? हा आधार नेहमी एकच होता काय? नसल्यास तो केव्हा आणि कसा बदलला, आणि त्या बदलाचा परिणाम कोणत्या प्रकारच्या नगरांवर झाला? प्रस्तुत निबंधात रायगड किनाऱ्यावरील नगरांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे. लोकसंख्येचा निकष वरकरणी तटस्थ वाटत असला तरी या किनाऱ्यावर तो तटस्थ ठरत नाही. ज्या ऐतिहासिक प्रक्रियेने ही नगरे लहान राहिली, त्याच प्रक्रियेने मुंबई मोठी झाली. आणि हा निकष त्या प्रक्रियेच्या फलितालाच पात्रतेचे माप मानतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

किनाऱ्यावरील नगरांचे मूळ स्वरूप

रायगड किनाऱ्यावरील नागर वस्तीची परंपरा दीर्घ आहे. चौल हे बंदर ग्रीक-रोमन लेखकांना ठाऊक होते. टॉलेमीच्या भूगोलात आणि 'पेरिप्लस'मध्ये त्याचा उल्लेख आढळतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी येथेच उतरला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांनी रेवदंड्यास वखार आणि कोट उभारला. १७४० साली हे ठाणे मराठ्यांच्या ताब्यात आले. आज चौल आणि रेवदंडा या ग्रामपंचायती आहेत. म्हणजेच या किनाऱ्यावरील सर्वांत जुन्या नागर वस्तीला नगरांसाठीच्या कोणत्याही योजनेचे दार मुळातच बंद आहे. निकषांचा प्रश्न येण्यापूर्वीच येथे कायदेशीर दर्जाचा प्रश्न उभा राहतो.

अलिबागचा उदय आंग्र्यांच्या सत्तेशी निगडित आहे. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधकाम सुरू झालेला कुलाबा किल्ला आणि त्यासमोरच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांच्या काळात वाढलेली वस्ती यांतून हे नगर आकाराला आले. १८४० च्या दशकात आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, तरी अलिबागचे महत्त्व संपले नाही. १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर अलिबाग हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले, मुख्य ठाणे मात्र तेच राहिले. १९०४ साली मुंबईच्या कुलाबा येथील भूचुंबकीय वेधशाळेचे काम अलिबागला हलविण्यात आले. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईतील मोजमापांत व्यत्यय येणार होता, हे त्यामागचे कारण होते. महानगराच्या वाढीमुळे जे कार्य महानगरात होऊ शकत नव्हते, ते जवळच्या लहान नगराने स्वीकारले, असा याचा अर्थ होतो.

मुरूड ही जंजिरा संस्थानाची राजधानी होती. सिद्दींचे मूळ ठाणे राजपुरीसमोरील बेटावरील किल्ल्यात असले तरी उत्तरकाळात नवाबांचा निवास आणि संस्थानाचा कारभार मुरूडला आला. श्रीवर्धन आणि म्हसळे हे या संस्थानाचेच भाग होते. श्रीवर्धन हे भट घराण्याचे, म्हणजे पेशवा बाळाजी विश्वनाथ यांचे मूळ गाव. १९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या दिवसापासून मुरूड हे राजधानीचे नगर राहिले नाही. ते कुलाबा जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठाणे झाले.

उरणचा आधार मीठ, मद्याच्या भट्ट्या आणि मोरा-करंजाची बंदरे हा होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांवरील अकरावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बंदरांतील आयात-निर्यात आणि खाड्यांतून चालणारी वाहतूक यांना मोठे स्थान आहे. तत्कालीन प्रशासनाच्या दृष्टीने या किनाऱ्यावरील गावाचे नगरपण त्याच्या कार्यात होते. तेथे जकात किती जमते, कचेऱ्या कोणत्या आहेत, गलबते किती लागतात, यांवरून त्याची पायरी ठरे.

निकषांची पूर्वपीठिका : रहिवाशांच्या मागणीपासून शिरगणतीपर्यंत

नगरपालिका स्थापन करण्याचा ब्रिटिशकालीन पहिला व्यापक कायदा म्हणजे १८५० चा २६ वा अधिनियम. या कायद्याने लोकसंख्येची अट घातली नव्हती. रहिवाशांनी मागणी करावी आणि ती बहुतेकांची इच्छा आहे अशी सरकारची खात्री व्हावी, हे त्याचे सूत्र होते. पनवेलची नगरपालिका १८५२ साली याच कायद्याखाली स्थापन झाली. अलिबागची नगरपालिकाही १८६० च्या दशकातील आहे. या कायद्याचा हेतू लोकांवर कर बसविण्याचा होता, आणि मागणी करणारे बहुधा व्यापारी व प्रतिष्ठित असत, हे खरे आहे. तरीही वस्तीने स्वतःविषयी काही म्हणावे आणि त्यावरून निर्णय व्हावा, हे तत्त्व त्यात होते.

१८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने हे चित्र बदलले. या कायद्यात किमान दहा हजार वस्तीच्या ठिकाणी 'शहर' नगरपालिका आणि किमान दोन हजार वस्तीच्या ठिकाणी 'गाव' नगरपालिका असा भेद करण्यात आला. लोकसंख्या हा नगराच्या दर्जाचा निकष म्हणून कायद्यात स्थिरावला तो येथून. हा योगायोग नव्हे. पहिली देशव्यापी शिरगणती याच सुमारास, १८७२ साली पार पडली होती. मोजणी उपलब्ध झाली आणि मोजता येण्याजोगे माप प्रशासनाला सोयीचे वाटू लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात ही दिशा अधिक पक्की झाली. १९६१ च्या जनगणनेपासून नगराची व्याख्या काटेकोर करण्यात आली. वैधानिक नगरांखेरीज इतर वस्त्यांना किमान पाच हजार लोकसंख्या, पुरुष कामगारांपैकी किमान पंचाहत्तर टक्के बिगरशेती व्यवसायात आणि ठराविक घनता अशा अटी लागू झाल्या. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने नगरपरिषदांचे 'अ', 'ब' आणि 'क' असे वर्ग लोकसंख्येवरून पाडले. सुधारित मर्यादेनुसार एक लाखावरील 'अ', चाळीस हजार ते एक लाख 'ब' आणि त्याखालील 'क' असे हे वर्ग आहेत. उरण, अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन ही चारही नगरे 'क' वर्गात मोडतात. नगराचा वर्ग ठरला की मुख्याधिकाऱ्याची श्रेणी, मंजूर पदे आणि अभियंत्यांची उपलब्धता हेही त्याच्याशी जोडले जाते. म्हणून वर्गीकरण हे नुसते नामाभिधान नसते. पुढील प्रत्येक योजनेसाठी नगराची तयारी किती असेल हे त्यातच ठरून जाते.

याच १९६५ च्या अधिनियमात एक लक्षणीय अपवाद आहे. गिरिस्थान नगरपरिषदांसाठी त्यात स्वतंत्र तरतूद केली आहे. रायगड जिल्ह्यातील माथेरानची कायम वस्ती पाच हजारांच्या आसपास असूनही त्याला नगरपरिषद आहे, आणि येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवासी कर घेण्याची तेथे जुनी पद्धत आहे. एखाद्या ठिकाणाचे महत्त्व कायम वस्तीवरून मोजता येत नाही, ही गोष्ट कायद्याने डोंगरावर मान्य केली. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे वास्तव्य डोंगरावर होते, हे त्यामागील ऐतिहासिक कारण असावे. बंदराच्या नगरासाठी असा वेगळा वर्ग कायद्यात निर्माण झाला नाही.

लहान व मध्यम शहरांच्या योजना

महानगरांकडे जाणारा लोंढा थोपवावा आणि लहान नगरांना बळ द्यावे, या विचाराने १९७९-८० मध्ये केंद्राने 'लहान व मध्यम शहरांचा एकात्मिक विकास' ही योजना सुरू केली. प्रारंभी ती एक लाखापर्यंतच्या नगरांसाठी होती. १९९५ च्या सुधारित मार्गदर्शक सूत्रांनी ही मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविली आणि नगरांचे लोकसंख्येनुसार पाच गट पाडले. वीस हजारांखालील नगरांचा गट त्यात स्वतंत्र होता. निवडीत जिल्ह्याची मुख्य ठाणी, बाजारपेठेची गावे, औद्योगिक वाढीची केंद्रे, पर्यटन व तीर्थस्थळे यांना प्राधान्य द्यावे, असेही सूचित केले होते. निकष म्हणून ही सूत्रे बरीच समंजस होती. अलिबाग जिल्ह्याचे ठाणे म्हणून, मुरूड व श्रीवर्धन पर्यटनस्थळे म्हणून त्यांत सहज बसत होती. तथापि वरची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, तेव्हा मुरूडसारख्या नगराला त्याच्यापेक्षा तीस-चाळीस पटींनी मोठ्या शहराबरोबर एकाच योजनेत स्पर्धा करणे भाग पडले.

याच काळात ७४ वी घटनादुरुस्ती झाली. ती १९९३ साली अमलात आली. तिने घातलेला २४३ थ हा अनुच्छेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एखादे क्षेत्र 'लहान नागरी क्षेत्र' ठरविताना राज्यपालांनी लोकसंख्या, घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व आणि इतर योग्य बाबी विचारात घ्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे संविधानाने लोकसंख्येला अनेक निकषांपैकी एक निकष मानले. पुढील योजनांनी मात्र या यादीतील पहिल्याच घटकाला निर्णायक स्थान दिले.

२००५ चे अभियान आणि त्याच्या तीन श्रेणी

२००५ च्या अभियानात शहरांच्या तीन श्रेणी होत्या. २००१ च्या जनगणनेनुसार चाळीस लाखांवरील सात नागरी समूह पहिल्या श्रेणीत, दहा ते चाळीस लाखांमधील २८ समूह दुसऱ्या श्रेणीत, आणि राज्यांच्या राजधान्या तसेच धार्मिक, ऐतिहासिक व पर्यटनदृष्ट्या महत्त्वाची अशी २८ शहरे तिसऱ्या श्रेणीत होती. केंद्राचा वाटा पहिल्या श्रेणीत ३५ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ५० टक्के आणि तिसऱ्या श्रेणीत सामान्यतः ८० टक्के असा होता. निवड झालेल्या शहराने नगर विकास आराखडा करावा, द्विनोंदी लेखापद्धती स्वीकारावी, मालमत्ता कराची वसुली वाढवावी, सेवांचा खर्च वापरकर्त्यांकडून वसूल करावा, आणि केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांनी त्रिपक्षीय करार करावा, अशा अटी होत्या.

रायगड किनाऱ्याच्या दृष्टीने तिसरी श्रेणी विचारात घेण्याजोगी आहे, कारण येथे लोकसंख्येचा अडसर सैल झालेला दिसतो. गंगटोकची २००१ ची लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती, तरी राज्याची राजधानी म्हणून ते अभियानात आले. शेजारच्या गोव्यातील पणजीही याच कारणाने आली. प्रशासकीय दर्जा लोकसंख्येवर मात करू शकतो, हे तत्त्व निकषांनी मान्य केले होते. परंतु हा दर्जा विद्यमान राज्याच्या राजधानीचाच हवा होता. संस्थानाची राजधानी म्हणून वाढलेल्या आणि १९४८ नंतर तो आधार गमावलेल्या मुरूडला त्यात जागा नव्हती. नगराला दर्जा देणारी सत्ता गेली, तिने मागे ठेवलेल्या वास्तू, रस्ते आणि जबाबदाऱ्या मात्र नगराकडेच राहिल्या.

ऐतिहासिक व धार्मिक महत्त्वाच्या आधारे महाराष्ट्रातून नांदेडची निवड झाली. २००८ मध्ये तेथे गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीचा सोहळा होणार होता आणि देशविदेशातून लाखो भाविक येणार होते. ही निवड अयोग्य होती असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र नांदेडची लोकसंख्याही २००१ मध्ये सुमारे ४ लाख ३० हजार होती आणि तेथे महानगरपालिका होती. महाराष्ट्रात 'ऐतिहासिक महत्त्व' हा निकष प्रत्यक्षात मोठ्या शहरांमधून निवड करण्याचे साधन ठरला. राज्यातील लहान नगराला केवळ ऐतिहासिक महत्त्वाच्या बळावर वर उचलण्याचे काम त्याने केले नाही.

उर्वरित सर्व नगरांसाठी 'लहान व मध्यम शहरांसाठी पायाभूत सुविधा विकास योजना' होती. १९७९-८० ची जुनी योजना तिच्यातच विलीन करण्यात आली. केंद्राचे साहाय्य ८० टक्के, राज्याचे दहा आणि स्थानिक संस्थेचे दहा टक्के असे प्रमाण होते. नगरांचा अग्रक्रम राज्यस्तरीय समितीने ठरवावयाचा होता. विद्यमान सुविधा, अनुसूचित जाती-जमाती व इतर दुर्बल घटकांची लोकसंख्या आणि डोंगराळ भागासारख्या विशेष अडचणी लक्षात घ्याव्यात, असे सूत्र होते. येथे पुन्हा डोंगराचा उल्लेख आहे, किनाऱ्याचा नाही. मातीची धूप व भूस्खलन रोखण्याची कामे केवळ विशेष दर्जाच्या राज्यांतच ग्राह्य होती. समुद्राने किनारा खाण्याची समस्या ज्या नगरांपुढे आहे, त्यांचे धूपप्रतिबंधक बंधारे त्यामुळे या योजनेच्या कक्षेबाहेर राहिले.

मोजणीत न येणारे घटक

२००१ च्या जनगणनेत उरणची लोकसंख्या सुमारे २३ हजार, अलिबागची १९ हजारांच्या वर, श्रीवर्धनची १५ हजारांच्या आसपास आणि मुरूडची सुमारे साडेबारा हजार होती. त्याच जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६४ लाख होती. या आकड्यांच्या मागे तीन ऐतिहासिक घटक आहेत.

पहिला घटक स्थलांतराचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या आणि गोदी उभी राहिली, तेव्हा रत्नागिरीप्रमाणेच कुलाबा जिल्ह्यातूनही माणसे तिकडे गेली. या स्थलांतरात घर गावाकडे आणि पोट मुंबईला अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. सणासुदीला आणि म्हातारपणी माणूस गावी येई, शिरगणतीत मात्र तो मुंबईत मोजला जाई. त्याची मोजणी मुंबईची पात्रता वाढवीत होती आणि त्याच्या मूळ नगराची पात्रता घटवीत होती. पाण्याची विहीर, वडिलार्जित घर आणि गावचा रस्ता यांचा भार मात्र मूळ नगरावरच राहिला.

दुसरा घटक वाहतुकीचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत किनाऱ्यावरील नगरांचा मुंबईशी संबंध प्रामुख्याने जलमार्गाने होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ही दुर्घटना या जलमार्गावर किती लोक अवलंबून होते याचीही दुःखद साक्ष आहे. पुढे वाहतूक जमिनीवर गेली. मुंबई-गोवा महामार्ग पनवेल, पेण, महाड असा किनाऱ्यापासून आत गेला. १९९८ साली पूर्ण खुली झालेली कोकण रेल्वेही रोहा, माणगावमार्गे आतूनच जाते. ज्या नगरांचे तोंड समुद्राकडे होते, ती नव्या वाहतुकीच्या पाठीमागे पडली. पनवेल खाडीकाठचे असूनही महामार्ग आणि लोहमार्ग यांच्या सांध्यावर असल्याने वाढले. २००१ मध्ये त्याने एक लाखाची सीमा ओलांडली आणि २०१६ साली तेथे महानगरपालिका झाली.

तिसरा घटक सीमेचा. नगराचे कार्य आणि नगराची हद्द यांचा मेळ या किनाऱ्यावर बसत नाही. अलिबागच्या हद्दीला लागून चेंढरे, वरसोली, कुरूळ या ग्रामपंचायती आहेत. नगराची वाढ तिकडे झाली, परंतु ती लोकसंख्या अलिबागच्या नावे मोजली जात नाही. थळ येथील खत कारखानाही नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे. मुरूडला पर्यटक येतो तो मुख्यतः जंजिरा किल्ला पाहण्यासाठी. पण किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या राजपुरीहून सुटतात आणि किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. उरण तालुक्यात १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा भाग या बंदरातून होतो, पण ते उरण नगरपरिषदेच्या हद्दीत नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या नियोजनात उरण, पेण आणि अलिबाग यांचा समावेश होता. अभियानाने मात्र 'महानगर प्रदेश' ऐवजी 'नागरी समूह' हा घटक धरला. परिणामी नियोजनाच्या नकाशावर मुंबईबरोबर असलेली ही नगरे साहाय्याच्या यादीत मुंबईबरोबर नव्हती.

यांत पर्यटकांच्या हंगामी भाराची भर घातली पाहिजे. मे महिन्यात, दिवाळीत आणि वर्षअखेरीस या नगरांत येणाऱ्यांसाठी पाणी, वाहनतळ, कचरा उचलणे आणि स्वच्छतागृहे यांची व्यवस्था नगरपरिषदेने करावयाची असते. नगरपरिषदांची जकात १९९९ साली रद्द झाल्यावर त्यांचा स्वतःचा महसूल मुख्यतः कायम मालमत्तांच्या करावर अवलंबून राहिला. खर्च पाहुण्यांसाठीही आणि उत्पन्न यजमानांच्या घरपट्टीतून, अशी ही विसंगती आहे. त्यातच १९९१ पासून लागू झालेल्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी किनाऱ्यालगतच्या बांधकामावर मर्यादा घातल्या. या मर्यादा पर्यावरणाच्या दृष्टीने आवश्यक आहेत. परंतु त्यांमुळे नगराच्या जुन्या भागाची पुनर्रचना अधिक अवघड होते, आणि ही अडचणही कोणत्याही निकषात मोजली गेली नाही.

२०१५ नंतरचे परिवर्तन

२०१५ साली आधीच्या अभियानाची जागा 'अमृत' आणि 'स्मार्ट सिटी' या योजनांनी घेतली. 'अमृत'मध्ये ५०० शहरे निवडली गेली. २०११ च्या जनगणनेनुसार एक लाखावरील नगरे हा मुख्य निकष होता. त्याखेरीज राजधान्या, वारसा शहरे, प्रमुख नद्यांवरील काही नगरे आणि डोंगराळ राज्ये, बेटे व पर्यटनस्थळे यांतील दहा नगरे अशा पुरवण्या होत्या. त्यातही या शेवटच्या गटात एका राज्यातून एकाहून अधिक नगर घ्यावयाचे नव्हते. रायगड जिल्ह्यात एक लाखाची अट पुरी करणारे नगर पनवेल हेच होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या वारसा शहर योजनेतील बारा शहरांत महाराष्ट्रातील एकही नाव नव्हते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग या तालुक्यांत घरे, वीजवाहिन्या आणि नारळी-पोफळीच्या बागा यांची मोठी हानी झाली. त्यापूर्वी २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला होता. किनाऱ्यावर असणे हाच साहाय्याचा आधार मानण्याची पद्धत शासनात आहे, असे यावरून दिसते. परंतु ती आपत्ती निवारणाच्या विभागात आहे, नगर विकासाच्या विभागात नाही. वादळानंतर नगर सावरण्यासाठी जो निकष चालतो, तो वादळापूर्वी नगर भक्कम करण्यासाठी वापरला जात नाही.

२०२१ साली सुरू झालेल्या 'अमृत २.०' मध्ये पाणीपुरवठ्यासाठी लोकसंख्येची अट काढून सर्व वैधानिक नगरांना पात्र मानण्यात आले. हा बदल स्वागतार्ह आहे. मलनिःसारणाच्या कामांसाठी मात्र पूर्वीच्या ५०० शहरांचीच चौकट ठेवण्यात आली. पिण्याचे पाणी हा सर्व नगरांचा अधिकार झाला, सांडपाण्याची व्यवस्था मोठ्या शहरांपुरती राहिली. ज्या नगरांचे सांडपाणी थेट खाडीत आणि समुद्रात जाते, मासेमारी आणि पर्यटन हेच ज्यांचे जीवन आहे, त्यांच्यासाठी हा भेद गंभीर आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) नगरांच्या निवडीचे निकष काळाबरोबर बदलत आले आहेत. १८५० मध्ये रहिवाशांची मागणी, १८७३ नंतर लोकसंख्येची किमान मर्यादा, १९७९-८० मध्ये लहान नगरांचे संगोपन आणि २००५ मध्ये मोठ्या नागरी समूहांचे पुनरुत्थान असा हा प्रवास आहे. म्हणून आजचा निकष हाच स्वाभाविक आहे असे मानण्याचे कारण नाही.

२) रायगड किनाऱ्यावरील नगरे बंदर, राजधानी आणि जिल्ह्याचे ठाणे या कार्यांमुळे नगरे झाली. ही कार्ये कायम वस्तीच्या संख्येत उतरत नाहीत. तसेच ती संख्या कमी राहण्यास मुंबईकडे झालेले स्थलांतर, आत सरकलेली वाहतूक आणि अपुऱ्या हद्दी कारणीभूत आहेत. अशा स्थितीत लोकसंख्येचा निकष गरजेचे माप राहत नाही.

३) 'ऐतिहासिक महत्त्व' हा निकष कागदावर असूनही महाराष्ट्रात मोठ्या शहरापुरता मर्यादित राहिला. २०२५ साली 'मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यातील बारा किल्ल्यांत थळसमोरचा खांदेरी आहे. वारशाची जागतिक मान्यता किल्ल्याला मिळाली. त्या किल्ल्यांमागे ज्या नगरांनी इतिहास घडविला, त्यांच्या गटारांचा आणि रस्त्यांचा विचार वारशाचा भाग म्हणून व्हावयाचा आहे.

४) पर्यायी निकष शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. संविधानाच्या २४३ थ अनुच्छेदातील महसूल व आर्थिक महत्त्व हे घटक, गिरिस्थान नगरपरिषदांसाठी मान्य झालेले हंगामी वस्तीचे तत्त्व, आणि चक्रीवादळ प्रकल्पातील किनारी धोक्याचे तत्त्व ही तिन्ही शासनाच्याच व्यवहारात आहेत. ती एकत्र करून किनारी नगरांसाठी स्वतंत्र गट करता येईल. त्यासाठी हंगामातील पाण्याचा वापर, उचललेला कचरा आणि वाहनांची संख्या या नगरपरिषदेला मोजता येण्याजोग्या नोंदी उपयोगी पडतील. 'क' वर्गातील नगरपरिषदांकडे प्रकल्प अहवाल तयार करणारे तांत्रिक मनुष्यबळ अपुरे असते हे लक्षात घेऊन, जिल्हा पातळीवर त्यांना साहाय्य देणारी यंत्रणाही आवश्यक आहे.

२०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने २०११ च्या आकड्यांवरच दीर्घकाळ निर्णय होत राहिले. नवी जनगणना होईल तेव्हा मुरूडचा किंवा श्रीवर्धनचा आकडा फार मोठा निघेल अशी अपेक्षा नाही. नवे आकडे हाती येतील तेव्हा निकषही नव्याने मांडले गेले, तरच या नगरांच्या दीर्घ इतिहासाला नागरी धोरणात स्थान मिळू शकेल. निकष तेच राहिले, तर ती पुढील दशकातही 'क' वर्गातील लहान गावे म्हणूनच गणली जातील.